उन्हाळ्यात मरते, हिवाळ्यात कळते: उभ्या गाडीच्या बॅटरीचा हिशेब

राज्य सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण वऱ्हाडात चाकावर बिऱ्हाड घेऊन जाणाऱ्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीपासून धावताहेत. आषाढीला दिंडीमागे जाणारा ताडपत्रीचा टेम्पो घ्या. त्यात गॅस, पातेली, वळकट्या, माइक आणि रात्री झोपायला माणसं. किंवा मधली बाकडी काढून गाद्या टाकलेली जुनी ट्रॅव्हलर घ्या, जी महाशिवरात्रीला सालबर्डी, एखाद्या सुट्टीत चिखलदरा आणि वर्षातून दोनदा शेगाव करते. मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात अशी गाडी बहुधा संत्र्याच्या हंगामात माल वाहते आणि उरलेल्या दिवसांत गोठ्याशेजारी उभी असते. गाडी जुनी, इंजिन डिझेलचं, उभं राहणं जास्त आणि धावणं कमी. परदेशातल्या मोटारहोमवाल्याचं बॅटरीबद्दलचं रडगाणं नेमकं हेच असतं.

निघायच्या पहाटे चावी फिरवली की ‘टक’ एवढाच आवाज येतो. शेजारचा विचारतो, “काऊन भाऊ, सेल्फ घेऊन नाही राह्यली काय?” मग धक्का, मग ट्रॅक्टर, आणि दुपारपर्यंत आठ-दहा हजारांची नवी बॅटरी. त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्या त्या दिवशी बदलायची गरज नसते. ज्यांची खरंच असते, त्या आदल्या मे महिन्यातच मेलेल्या असतात.

आपल्याकडे बॅटरीचा खरा वैरी ऊन आहे. अमरावती-अकोल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून जास्त तापतं. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात. तरीही उन्हाळ्यात गाडी सुरू होते, कारण इंजिन ऑइल पातळ असतं आणि सेल्फला जोर कमी लागतो. डिसेंबरात सातपुड्याकडून गारठा उतरला की ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकदही घटते, आणि झालेलं नुकसान तेव्हा उघडं पडतं. म्हणून बॅटरी तपासायची वेळ मार्च आणि पावसाळा संपल्यावरचा ऑक्टोबर. निघायची पहाट ही तपासणीची वेळ नव्हे.

दुसरा वैरी म्हणजे नुसतं उभं राहणं. इंजिन सुरू करायला बॅटरीतून फार काही जात नाही. सेल्फने पाच सेकंद ३०० अँपिअर ओढले तरी खर्च अर्ध्या अँपिअर-तासाहूनही कमी होतो. पण टेप, घड्याळ, ट्रॅकर यांची बारीक गळती रात्रंदिवस चालू असते. ती फक्त ५० मिलीअँपिअर धरली, तरी दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास होतात. ७५ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर महिन्यात निम्मी रिकामी. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तो नंतरच्या चार्जिंगने पूर्ण निघत नाही.

दर रविवारी गाडी पाच मिनिटं जागेवर चालू ठेवण्याची पद्धत गावोगाव आहे. तिचा फारसा उपयोग नाही. आठवड्याची गळती आठ-साडेआठ अँपिअर-तास. मंद गतीवर डायनामो पाच मिनिटांत जेमतेम एखादा अँपिअर-तास परत भरतो. डिझेल जळतं, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि मनाला समाधान मिळतं एवढंच. गाडी काढायचीच असेल तर सिंभोऱ्याच्या धरणापर्यंत जाऊन या, अर्धा-पाऊण तास इंजिन नीट फिरू द्या. ते जमत नसेल तर चार्जर किंवा कटऑफ स्विच हाच उपाय.

आता पैशाचं बोलू. पुढचे आकडे मोर्शी-अमरावतीच्या बाजारात घासाघीस सुरू करण्यासाठी आहेत. ब्रँड आणि दुकानाप्रमाणे ते थोडे वरखाली होतील.

पहिली खरेदी मल्टिमीटरची, २५० ते ६०० रुपये. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी, काहीही चालू न करता तो लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला टाका, निकाल नंतर द्या. मग एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर बघायचा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर तिच्यात दम उरलेला नाही. गाडी सुरू झाल्यावर इंजिन जरा चढवून पुन्हा बघा. १३.८ ते १४.५च्या दरम्यान आकडा हवा. १३च्या आसपास घुटमळत असेल तर दोष बॅटरीचा नाही, डायनामोचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा कटआउटचा. १५कडे जात असेल तर कटआउट बिघडलंय आणि ते बॅटरीचं पाणी उकळून काढतंय. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही वर्षात जाईल, आणि दुकानदार वॉरंटी नाकारेल तेव्हा त्याच्याशी भांडून उपयोग होणार नाही.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर १००-२०० रुपयांचं हायड्रोमीटर घ्या. सहा घरांपैकी पाच सारखी आणि एकच मागे, असं दिसलं तर तो सेल गेला. सगळीच घरं सारखी खाली असतील तर बॅटरी फक्त उतरलेली आहे. हा फरक पाहायला दोन मिनिटं लागतात आणि तो आठ हजार रुपये वाचवू शकतो.

याच तपासणीत टर्मिनलं आणि अर्थिंगची पट्टी बघून घ्या. जुन्या गाडीत निम्मी दुखणी इथंच असतात. पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने धुवा. पाणी घरांत जाऊ देऊ नका, कारण सोडा आत गेला की ॲसिडच मारतो. मग कोरडं करून, घट्ट आवळून, वरून पेट्रोलियम जेली लावा. खर्च पन्नास रुपयांच्या आत. चासीपासून इंजिनपर्यंतची अर्थिंगची पट्टी कुजली असेल तर नवी दीड-दोनशे ते चारशे रुपयांत येते. ही पट्टी बदलताच ‘मेलेली’ बॅटरी जिवंत झाल्याचं कोणताही जुना ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल, पण तुम्ही विचारल्याशिवाय सांगेलच असं नाही. पट्टा बदलणं २०० ते ५०० रुपये, कटआउट ३०० ते ९००, डायनामोची दुरुस्ती ८०० ते २,५००, सेल्फच्या कार्बन-बुशाचं काम ५०० ते १,५००. हे सगळं एकत्र केलं तरी मोठ्या बॅटरीपेक्षा स्वस्तच पडतं.

देखभालीचा वार्षिक खर्च नगण्य आहे. पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर ८० ते १५० रुपयांत मिळतं. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी दोन-तीन महिन्यांनी पातळी बघा. प्लेटा बुडून वर साधारण बोटाच्या पेराएवढं पाणी असावं, गळ्यापर्यंत भरू नये. उतरलेल्या बॅटरीत पाणी भरून मग चार्ज केली की ते फुगून बाहेर येतं आणि खालची पट्टी खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी जेमतेम बुडतील इतकं घाला, बाकीचं चार्जिंगनंतर. विहिरीचं, बोअरचं किंवा फिल्टरचं पाणी चालत नाही. आपल्या भागातलं भूजल किती जड आहे ते कूलरच्या जाळीवर बसलेल्या पांढऱ्या थरावरून दिसतंच. आणि ॲसिड कधीच वरून घालायचं नाही. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

दुकानात चार्जिंगला टाकायचे १०० ते २०० रुपये होतात. फक्त ‘हळू लावा’ म्हणून सांगा. बॅटरीच्या अँपिअर-तासाच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट बरा: ८०च्या बॅटरीला आठ अँपिअर, म्हणजे रात्रभर. तासाभरात ‘बूस्ट’ करून देणारा तुमची सोय करतो आणि प्लेटांची माती. वर्षातले सहा महिने गाडी उभी राहणार असेल तर आपोआप बंद होणारा सहा-दहा अँपिअरचा चार्जर घरीच घ्या, १,५०० ते ३,५०० रुपये. महिन्यातून एक रात्र लावायचा, बस. वीज नसलेल्या शेतातल्या शेडमध्ये गाडी असेल तर कटऑफ स्विच बसवा, २५० ते ७००. गळती थांबते आणि उंदरांनी वायर कुरतडल्यावर आग लागण्याची भीतीही कमी होते. गाडीला सक्तीचा ट्रॅकर असेल तर तेवढी एक वायर स्वतंत्र फ्यूज घालून चालू ठेवावी लागेल.

आता दिंडीची गाडी. इथं बॅटरीला दुहेरी काम पडतं: सकाळी इंजिन उठवायचं आणि रात्री बिऱ्हाड सांभाळायचं. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी निघते, शेगावहून गजानन महाराजांची निघते. अशा वाटचालीतल्या एका मुक्कामाचा हिशेब मांडा. वीस मोबाइल, प्रत्येकी १५ वॅट-तास, म्हणजे ३०० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर-तास. हरिपाठ-कीर्तनाचा माइक तीन तास, पाच अँपिअरने, १५ अँपिअर-तास. दहा वॅटचे चार एलईडी चार तास, अजून तेरा. बेरीज ५०च्या वर गेली आणि बॅटरी आहे ७५ची. सकाळी सेल्फ कुठून घेणार? सुरुवातीच्या झटक्यासाठी बनवलेल्या या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. पावसाळी नाल्यासारखी ती क्षणात भरभरून देते, रात्रभर पुरत नाही. पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त रोज उपसली तर एका वारीतही तिचं आयुष्य बरंच घटतं.

उपाय म्हणजे दुसरी बॅटरी, आणि ती जाड प्लेटांची, घरच्या इन्व्हर्टरसारखी ट्यूब्युलर. १०० अँपिअर-तासाची नवी घेतली तर नऊ ते तेरा हजार रुपये. पण घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी पंधरा-वीस दिवस गाडीत ठेवली तरी भागतं, फक्त ती उभीच, पट्ट्याने घट्ट बांधून आणि हवा खेळेल अशा जागी ठेवा. गॅसच्या शेगडीजवळ तर मुळीच नको. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते आणि एक ठिणगी पुरते. दोन्हींच्या मधे रिले किंवा आयसोलेटर हवा, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही भरतील आणि बंद झाल्यावर मुख्य बॅटरी वेगळी राहील. साधा ४० अँपिअरचा रिले १०० ते २५० रुपयांना मिळतो, दणकट आयसोलेटर १,५०० ते ४,०००. जाड वायर, दोन्ही टोकांना फ्यूज आणि मजुरी धरून आणखी हजार-दीड हजार. ५० वॅटचं सौर पॅनल कंट्रोलरसकट अडीच ते चार हजारांत टपावर बसतं आणि गोठ्याशेजारी उभ्या गाडीचीही काळजी घेतं. माझ्या मते, ज्या मंडळींची गाडी वर्षात आठ महिने उभी असते, त्यांनी दुसऱ्या बॅटरीच्या आधी या पॅनलचा विचार करावा. मात्र आषाढातल्या ढगाळ दिवसांत त्याच्या भरवशावर माइक लावू नये.

उलटा प्रयोग कोणी सुचवला, म्हणजे ट्यूब्युलर बॅटरीच सेल्फसाठी जोडायची, तर नको म्हणा. तिच्या जाड प्लेटांना तो झटका जमत नाही आणि खड्ड्यांचे हादरे सोसत नाहीत.

नवी घेण्याची वेळ आलीच, तर आधी जुन्या बॅटरीवरची पट्टी आणि गाडीचं पुस्तक वाचा. व्होल्ट, अँपिअर-तास, लांबी-रुंदी आणि टर्मिनल कोणत्या बाजूला, या चार गोष्टी जुळायला हव्यात. ट्रॅव्हलर, बोलेरो, ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतात. मोठ्या ट्रकमध्ये १२च्या दोन एकामागे एक जोडून २४ केलेले असतात आणि तिथं एकच बदलण्याचा मोह टाळावा, कारण जुनी बॅटरी नवीला ओढून नेते. जुनी देऊन साधारण भाव असे: ६० ते ७५ अँपिअर-तास, साडेपाच ते आठ हजार; ८० ते १००, सात ते साडेदहा हजार; १३० ते १५०, दहा ते पंधरा हजार. गरजेपेक्षा एक पायरी मोठी घेतली तर बिघडत नाही, चौकटीत नीट बसली पाहिजे एवढंच. मोकळी हलणारी बॅटरी कंपनानेच मरते.

एक चांगली बातमी. २२ सप्टेंबर २०२५पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. मूळ किंमत ८,००० असेल तर पूर्वी १०,२४० व्हायचे, आता ९,४४०. आठशे रुपयांचा फरक आहे. पक्कं बिल मागा आणि त्यावर कराचा दर बघा. ‘बिल नको, कमी करतो’ असं दुकानदार म्हणाला, तर तो कमी करतोय तो तुमचा वॉरंटीचा हक्क. बिलावर बॅटरीचा नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर गाडीचा प्रकार खरा टाका. मालवाहू किंवा प्रवासी गाडीला वॉरंटी बहुधा कमी असते. खासगी कार दाखवून घेतलेली बॅटरी टेम्पोत सापडली की दावा तिथंच संपतो.

वॉरंटीचे आकडे नीट वाचा. ‘२४ अधिक २४’ म्हणजे चार वर्षं फुकट बदलून मिळेल असं नव्हे. पहिले २४ महिने फुकट बदली, पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर उतरती सूट. ही सूट छापील किमतीवर मोजतात आणि बाजारात बॅटरी मुळातच छापील किमतीपेक्षा बरीच खाली मिळते. शेवटच्या वर्षातली २० टक्के सूट घेऊन पडणारी किंमत, जुनी मोडीत देऊन रोख घेतलेल्या नव्या बॅटरीपेक्षा जास्त होऊ शकते. दोन्ही भाव विचारल्याशिवाय दावा करू नका. आणि बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी नव्याने सुरू होत नाही, जुन्याच तारखेपासून मोजली जाते.

बनवल्याची तारीख बॅटरीवर ठोकलेली असते. दुकानदाराकडून ती वाचून घ्या, सहा महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर दुसरी मागा. लहान गावात खप कमी असल्याने मोठ्या मापाच्या बॅटऱ्या पडून राहतात. माप मोठं असेल तर अमरावतीची फेरी त्यासाठी परवडते. दुकानातच मीटर लावून बघा, १२.५च्या खाली असेल तर चार्ज करून द्या म्हणावं.

पंधरा वर्षं ओलांडलेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. एमएच-२७ पासिंगच्या तुमच्या गाडीचे कागद वर्षभरात संपणार असतील आणि पुढे वाढवायचा विचार नसेल, तर लांब वॉरंटीच्या महागड्या बॅटरीत पैसे घालू नका. अशा वेळी मधल्या दर्जाची पुरते. स्थानिक जुळवलेल्या, ‘रिपेअर’ बॅटऱ्या निम्म्या भावात आणि तीन-सहा महिन्यांच्या तोंडी हमीवर मिळतात. शेतातल्या ट्रॅक्टरला एक हंगाम काढायला ठीक आहे. पंढरपूरच्या वाटेवर निघणाऱ्या गाडीत मी ती घालणार नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला अंदाजे देऊ नका. १०० अँपिअर-तासाची साधारण २५ किलो भरते आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग शिसं. बदलीत दीड ते अडीच हजार रुपये सुटले पाहिजेत. म्हणून दुकानात नेहमी दोन भाव विचारा, जुनी देऊन आणि न देता. फरकावरून कळतं की तुमच्या शिशाला काय किंमत मिळतेय. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे ‘जुनी घेत नाही’ म्हणणारं दुकान सोडून दुसरं बघा. घरामागे फोडून शिसं वितळवणाऱ्याला तर चार रुपये जास्त मिळाले तरी देऊ नका. तो धूर गल्लीतल्या लेकरांच्या अंगात जातो आणि ॲसिड विहिरीकडे.

दुकानदार वॉरंटी टाळत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल असेल तरच यातलं काही चालतं.

बॅटरी स्वतः काढायची असेल तर आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडा, बसवताना ती शेवटी जोडा. नाहीतर पाना पत्र्याला टेकताच ठिणगी उडते. अंगठी, कडं काढून ठेवा. वाटेत दुसऱ्या गाडीवरून उचलायची झाली तर १२ व्होल्टवरूनच घ्या. २४ व्होल्टचा ट्रक मदतीला आला तर नम्रपणे नाही म्हणा. लाल ते लाल, मग चांगल्या बॅटरीचं काळं तुमच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, आणि बिडी विझवूनच. जाड तांब्याच्या जंप केबल ६०० ते १,५०० रुपयांना मिळतात. तीनशेच्या बारीक केबल डिझेल गाडीला निरुपयोगी, त्या नुसत्या तापतात. पूर्वी जीपला हँडल असायचं, ते गेलं. धक्का मारणं जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलला अजून चालतं, पण पंपाचा स्टॉप सोलेनॉइड उघडण्याइतका करंट बॅटरीत उरलेला असेल तरच.

निघायच्या आठ दिवस आधी एका संध्याकाळी माइक, दिवे, चार्जर सगळं तीन तास लावून बघा आणि सकाळी मीटर धरा. आकडा १२.४च्या खाली आला तर अमरावतीला जाऊन यायला अजून आठवडा हातात असतो.